सीतेचीं आसवें आणि पोटखराबा

या मासिकाच्या मागील दोन अंकांत पोटखराब्याविषयीं जीं पत्रें प्रसिद्ध झालीं, तीं आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं. पत्रलेखकांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून जें क्षेत्र पडून आहे तें यंत्र लावून फोडावें, वर माती भरावी आणि नोंद बदलून घ्यावी. या कामीं सभासदांनीं मिळून यंत्र भाड्यानें घ्यावें, असा ठरावही संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें येणार असल्याचें समजतें. ठराव मांडणारे सद्गृहस्थ आमचे स्नेही आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांचा हेतु चांगला आहे याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. तथापि पोटखराबा हा शब्द लिहिण्यांतच ज्याच्या नोकरीचीं वर्षें गेलीं, अशा माणसानें या प्रसंगीं गप्प बसणें बरें नव्हे, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों. आरंभ एका इवल्याशा फुलापासून करीत आहों याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी; तें फूल या वादांतील मुख्य साक्षीदार आहे.

श्रावण सरूं लागला व पावसानें थोडी उघडीप दिली, म्हणजे सड्यावर जेथें चार बोटेंही माती नसते अशा ओल्या खळग्यांतून जांभळीं फुलें वर येतात. एकटें फूल पाहिलें तर नखाएवढें. परंतु तीं हजारोंनीं उमलतात, तेव्हां दुरून पाहणारास कातळावर कोणी जांभळें वस्त्र वाळत घातलें आहे असें वाटावें. त्यांस आपल्याकडे सीतेचीं आसवें म्हणतात. वनवासांत सीतामाई जेथें जेथें रडली तेथें तेथें हीं उगवलीं, असें आमच्या लहानपणीं घरच्या वडीलधाऱ्या बायका सांगत. आणि प्रत्येक गांवास ती आपल्याच सड्यावर बसली होती असें वाटे. साताऱ्याहून सुमारें १५ मैलांवर जें कासचें पठार आहे, तेथें हीं फुलें पाहण्यासाठीं हल्लीं शहरांतून माणसांची रीघ लागते. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं, त्यांत कासचाही समावेश आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें फूल पाहण्यासाठीं कासला जाण्याचें कारण नाहीं. तें त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आहे. फक्त तेथें त्याचें नांव निराळें आहे.

आतां या फुलाचें घराणें पाहूं. शास्त्रज्ञ या वंशास युट्रिक्युलेरिया म्हणतात. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं हें नांव ग्रंथांत घातलें; लॅटिन भाषेंतील लहान पिशवी या अर्थाच्या शब्दावरून तें आलें आहे. तें नांव अगदीं यथार्थ आहे, कारण या वनस्पतीचें सारें जीवित तिच्या पिशव्यांत आहे. तिला मूळ म्हणून कांहीं नाहींच. सड्यावरील चिखल हलक्या हातानें धुऊन पाहिला, तर पांढरट धाग्यांचें बारीक जाळें दिसतें, आणि त्या धाग्यांस मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा पारदर्शक पिशव्या लटकलेल्या असतात. भिंग असल्यास उत्तम. नसल्यास तरुण मुलाचे डोळे पुरे होतात.

या पिशवीची करामत ऐकण्यासारखी आहे. पिशवीस एक दार असतें, तें आंतल्या बाजूस उघडतें. वनस्पति पिशवींतलें पाणी सतत बाहेर काढीत असते, त्यामुळें पिशवीच्या भिंती आंत खेंचल्या जातात. चामड्याच्या पखालींतून वारा काढून घ्यावा तशी तिची स्थिति होते. दाराबाहेर बारीक केंस असतात. पाण्यांतून पोहत जाणाऱ्या एखाद्या सूक्ष्म जंतूचा धक्का त्या केंसास लागला कीं दार फटकन् उघडतें, भिंती फुगतात, आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर जंतु आंत ओढला जाऊन दार पुन्हां मिटतें. या सर्वांस सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. मग पिशवींत पाचक रस सुटतो, जंतु विरघळतो, आणि सुमारें अर्ध्या तासांत पिशवी पुन्हां सज्ज होते. चार्लस डार्विन यांनीं १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यांत या पिशव्यांचा मोठा विचार केला आहे. परंतु जंतु आपणच दार ढकलून आंत शिरतो असा त्यांचा समज झाला होता. त्याच सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सी येथील मेरी ट्रीट नांवाच्या बाई घरीं भिंगाखालीं या पिशव्या न्याहाळीत होत्या, आणि जंतु किती झटक्यानें आंत जातो हें पाहून थक्क झाल्या होत्या. घरच्या भिंगावर इतकें दिसूं शकतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या शाळांतील पोरांच्या हातीं भिंग देण्याची कोणी तसदी घेईल तर!

कीटकभक्षक हा शब्द ऐकून कोणी बिचकूं नये. गुरांस या वनस्पतीपासून अपाय होत नाहीं, माणसांस होत नाहीं. उलट बाजूनें, ती डास नाहींसे करते असें मध्यंतरीं एका गृहस्थानें आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगितलें. तळ्यांत तरंगणाऱ्या मोठ्या जाति डासांच्या कोंवळ्या अळ्या धरतात हें खरें. पण त्या भरंवशावर घरांतली मच्छरदाणी काढून टाकण्यांत शहाणपणा नाहीं. फुलाची बाजू मांडतांना आम्ही त्याच्या पदरीं नसलेले गुण बांधूं इच्छीत नाहीं.

ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, ही वनस्पति जंतु खाते ती हौस म्हणून नव्हे. हिरवें पान असल्यामुळें सूर्यप्रकाशावर ती आपली साखर करूं शकते. तिला उणीव पडते ती नत्राची व स्फुरदाची, कारण ती जेथें उगवते तेथें तीं द्रव्यें जवळजवळ नसतात. कातळावर पावसाळाभर पाणी वाहतें, आणि मातींत जें कांहीं विरघळण्यासारखें असेल तें घेऊन जातें. अशा ठिकाणीं दुसरें गवत धड उभें राहत नाहीं. तेथें ही पिशव्या घेऊन येते. म्हणजे सीतेचीं आसवें जेथें दाट फुलतात, तेथें तीन गोष्टी जमिनीनें आपणच लेखी दिल्या असें समजावें: येथें पावसाळाभर पाणी ठरतें, येथें माती नांवापुरती आहे, आणि त्या मातींत सत्त्व नाहीं. माती-परीक्षणाचा कागद चुकेल, पण हा पुरावा सहसा चुकत नाहीं.

जगांत या वंशाच्या सुमारें २४० जाति आहेत. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत त्या सांपडतात. क्यू येथील पीटर टेलर यांनीं १९८९ सालीं साऱ्या वंशाचा मोठा ग्रंथ लिहिला, आणि आपल्या देशांतील जातींचा ग्रंथ एम. के. जनार्दनम् व ए. एन. हेन्री यांनीं केला, तो भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें १९९२ सालीं प्रसिद्ध केला. भारतांत पस्तीसच्या घरांत जाति आहेत. सड्यावर जांभळी चादर पसरते ती परप्युरासेन्स. तिच्या शेजारींच, थोड्या अधिक पाणथळ जागीं, पिवळ्या फुलाची प्रीटेरिटा दिसते. ती भारताबाहेर सांपडत नाहीं. पांढऱ्यानिळ्या फुलाची अल्बोसेरुलिया ही तर पश्चिम घाटाचीच. तिचें वर्णन प्रथम केलें तें निकोल डाल्झेल यांनीं. हे गृहस्थ पुढें मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे प्रमुख झाले, आणि गिब्सन यांच्यासह त्यांनीं १८६१ सालीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ छापला. स्ट्रायाट्युला नांवाची एक चिमुकली जाति ओल्या खडकावर व शेवाळलेल्या झाडांच्या बुंध्यावरही राहते. तिचें फूल पंख्याच्या आकाराचें. ग्रॅमिनिफोलिया हिचें पान गवतासारखें; परदेशांत लोक तिला शोभेच्या माशांच्या कांचपेटींत हिरवळ म्हणून लावतात आणि त्यासाठीं दाम मोजतात. आपल्याकडे ती पायाखालीं जाते.

भातखाचरांत ज्या जाति येतात त्यांविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे, कारण त्यांबद्दल आमच्याकडे विचारणा होते. खाचरांतील उभ्या पाण्यांत तरंगणारी, पिवळ्या फुलाची व केंसाळ शेवाळासारखी दिसणारी ती ऑरिया. आणि जिच्या देठाभोंवतीं फुगीर पानांचें चांदणीसारखें कडें असतें ती स्टेलॅरिस. कडेच्या ओल्या जागीं भाताच्या काडीस वेढे घालीत चढणारी, निळसर जांभळ्या फुलाची ती रेटिक्युलाटा. केरळांत या शेवटच्या जातीस काक्कप्पूवु, म्हणजे कावळ्याचें फूल म्हणतात, आणि ओणमच्या सणांत अंगणापुढें फुलांची जी रचना करतात तींत हें फूल घालतात. या तिन्हींसाठीं तणनाशक फवारण्याची कांहीं गरज नाहीं. भाताशीं झगडण्याची त्यांची शक्तिच नाहीं. तरंगणारीचा फारच थर झाला तर तो हातानें ओढून बांधावर टाकावा. कडेच्या जागीं रेटिक्युलाटा फार दिसूं लागली तर ती जागा उपाशी आहे एवढें समजून पुढील वर्षीं तेथें शेणखताच्या दोन पाट्या अधिक टाकाव्या; इतर गवतें माजलीं कीं ही आपोआप दबून जाते. खाचर हें पिकासाठींच आहे, तेथें आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें आहे तें वरच्या सड्याबद्दल.

आतां कागदाकडे वळतों. पोटखराबा या शब्दानें जितका घोटाळा केला आहे तितका महसुलाच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दानें केला नसेल. इंग्रजी अमलांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून जी पैमाष आरंभिली, तिचे नियम १८४७ सालीं एकत्र करून ठरविण्यांत आले. देशावरील जमिनीची प्रत लावतांना मातीची खोली व रंग पाहत, आणि मग दोष मोजून प्रत उतरवीत. त्या दोषांत वाळू होती, उतार होता, आणि उपळाच्या पाण्यानें येणारी अति ओल हाही एक दोष होता. ज्या तुकड्यांत पीक निघणेंच शक्य नाहीं तो शेताच्या क्षेत्रांतून वजा करून पोटखराबांत घालीत, म्हणजे त्यावर आकार बसत नसे. हिशेब एवढाच होता. सरकारास ज्यापासून सारा मिळावयाचा नाहीं तें खराब. ही जमीन कोणाच्या उपयोगाची नाहीं, असें पैमाषदारानें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तें त्याचें कामही नव्हतें. आपण मात्र दीडशें वर्षें तो शब्द वाचून वाचून त्याचा अर्थ टाकाऊ असा करून घेतला, आणि हा दोष आमच्यासारख्या कारकुनांकडेही जातो. आम्ही स्वतः कित्येक खातेदारांस, तें खराब आहे, तिकडे काय पाहतां, असें तोंडानें सांगितलेलें आहे.

पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. वर्ग ब म्हणजे रस्ता, वहाळ, सार्वजनिक पाणवठा, स्मशान इत्यादींसाठीं राखलेलें क्षेत्र. त्यास हात लावण्याचा विचारही कोणी करूं नये. वर्ग अ म्हणजे खडकाळ, लागवडीस अयोग्य असें क्षेत्र. २०१८ सालीं राज्य शासनानें नियमांत दुरुस्ती करून, खातेदारानें वर्ग अ चें क्षेत्र प्रत्यक्ष लागवडीस आणलें असेल तर तें लागवडीयोग्य म्हणून नोंदवून आकार बसविण्याची सोय केली. ही दुरुस्ती न्याय्य होती. कित्येकांच्या बापाआजानें खडक फोडून, टोपलीनें माती वाहून शेत केलें, त्यांत आज पीक उभें आहे, आणि सातबाऱ्यावर मात्र पोटखराबा. त्यामुळें कर्ज मिळतांना तें क्षेत्र धरलें जात नाहीं, विम्यास धरलें जात नाहीं, जमीन संपादन झाली तर मोबदल्यांतही मार बसतो. अशा सभासदांनीं अर्ज अवश्य करावा. अर्ज लिहिण्यास कोणी आमच्याकडे आला तर आम्ही आनंदानें लिहून देऊं. परंतु लागवडीस आणलेल्या जमिनीची नोंद करून घेणें ही एक गोष्ट, आणि नोंद व्हावी म्हणून सडा फोडणें ही दुसरी. प्रस्तुत ठरावांत या दोन्हींची गल्लत झाली आहे.

सडा फोडल्यानें काय होतें, याची एक हकीकत आमच्या नोकरीच्या काळांतील आहे. गांवाचें व माणसांचें नांव सांगत नाहीं. एका घरच्या मुलांनीं वडिलार्जित सड्याचा सुमारें दोन एकरांचा ओला भाग यंत्रानें सपाट करविला आणि खालून माती आणून वर पसरविली. पहिल्या वर्षीं नाचणी बेताची झाली. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत झड लागली, आणि ती माती उतरून खालीं चुलत्याच्या खाचरांत जाऊन बसली. भात गाडलें गेलें व चुलत्यापुतण्यांत तंटा लागला. पंचनाम्यास आम्ही गेलों होतों. पण खरें दुःख निराळें होतें. सड्याच्या पायथ्याशीं एक झरा होता, तो होळीपर्यंत वाडीस पाणी देत असे. तो त्या वर्षीं माघांतच आटला. पाऊस कमी झाला असें मुलांचें म्हणणें पडलें. पुढील वर्षीं पाऊस भरपूर झाला, तरी झरा माघापुढें गेला नाहीं. पंचनामा लिहीत असतां त्या घरची म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "भाऊसाहेब, कागदावर खराब होतं तेंच बरं होतं. आतां पोरांनीं तें खरंच खराब केलं." पंचनाम्यांत हें वाक्य घालण्यास जागा नसते.

यांत गूढ कांहीं नाहीं. आपल्या सड्यांचा दगड जांभा. तो छिद्राळ असतो, त्यांत फटी व पोकळ्या असतात. वरच्या खळग्यांत पाणी महिनोन् महिने थांबतें आणि सावकाश आंत मुरतें. जांभ्याखालीं चिकट मातीचा थर असतो, त्यावर तें अडतें, आणि सड्याच्या कडेस झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. खालच्या वाड्यांच्या विहिरी, पोफळीच्या बागा, उन्हाळी भाजीचे वाफे यांस तेंच पाणी मिळतें. खळगे बुजवून उतार एकसारखा केला, म्हणजे पाणी मुरण्याऐवजीं धांवतें. चिरेखाणीसाठीं जांभा कापून नेला, तर पाणी साठविणारें भांडेंच गेलें. मागें जो खड्डा उरतो त्यांत पाणी दिसतें खरें, पण त्याचा झरा होईलच असें नाहीं. कासचेंच पाहा. ज्या तलावाचें पाणी सातारा शहर पितें तो त्याच पठाराच्या कुशींत आहे. शहरास ही गोष्ट कळली आणि आम्हां शेतकऱ्यांस कळूं नये, हें आश्चर्य होय.

आमच्याविरुद्ध जें बोललें जाईल तें आम्हांस ठाऊक आहे. फुलांनीं पोट भरत नाहीं, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. प्रत्येक सड्याचें कास होणार नाहीं. तेथें जे प्रवेशाचे पैसे जमतात व गांवकऱ्यांस जो रोजगार मिळतो, त्याची आशा दाखवून आम्ही कोणास फसवूं इच्छीत नाहीं. शिवाय तेथें माणसांच्या पायांखालीं काय तुडविलें जातें हेंही आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. रत्नागिरी, देवगड या बाजूस कातळांत सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली, आणि त्यांत हापूस लावून माणसें वर आलीं, तर आम्हींच कां थांबावें? त्यास उत्तर एवढेंच कीं, ज्यांनीं हें चांगलें केलें त्यांनीं पाणी निचरणारा कातळ निवडला. आंब्यास पाय ओले चालत नाहींत. जेथें भाद्रपदांत गुडघाभर गार चिखल आणि वर सीतेचीं आसवें, तेथें कलम लावणें म्हणजे खड्ड्याचे, मातीचे, रोपाचे व राखणीचे पैसे एकदम पाण्यांत घालणें होय. अशा कलमांच्या वाळलेल्या काठ्या आम्हीं मोजलेल्या आहेत. पीक पाहणीच्या वेळीं खातेदार त्यांस आंबा म्हणून लिहावयास सांगत.

तिसरी अडचण अशी कीं, निर्णय घेण्याची वेळच चुकते. यंत्र येतें तें वैशाखांत. जागा पाहण्यास माणसें जातात तीं वैशाखांत. त्या वेळीं सडा भाजलेल्या तव्यासारखा काळा दिसतो. तेथें कधीं कांहीं उगवलें असेल यावर विश्वास बसत नाहीं. सीतेचीं आसवें एकवर्षायु आहेत. कार्तिकांत तीं वाळून जातात, आणि धुळीसारखें बारीक बीं त्या बोटभर मातींत पुढच्या मृगाची वाट पाहत राहतें. वैशाखांत यंत्राचा पाता एकदां फिरला कीं ती माती खरवडली जाते आणि बीं तिच्याबरोबर जातें. पुढें पश्चात्ताप होऊन जागा मोकळी सोडली तरी बोटभर माती सड्यावर पुन्हां जमावयास किती पिढ्या लागाव्या! अपर्णा वाटवे यांनीं २०१३ सालीं सह्याद्रीच्या उत्तर भागांतील व कोंकणांतील पठारांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यांत या जागांवर येणाऱ्या खाणी, बागा व बांधकामें यांचा पाढा वाचला आहे. तो आढावा वाचतांना आम्हांस आपल्या तालुक्याचें दफ्तर उघडल्यासारखें वाटलें.

आमचा ठरावास सर्वस्वीं विरोध नाहीं. त्यांत पुढील दुरुस्ती व्हावी अशी सूचना आम्ही सभेपुढें ठेवणार आहों. ज्यांचें क्षेत्र पूर्वींपासून लागवडीखालीं आहे, त्यांच्या नोंदी करून घेण्याचें काम संघानें हातीं घ्यावें, त्यास यंत्र लागत नाहीं. ज्यांस नवीन जागा फोडावयाची आहे, त्यांच्या जागेची पाहणी भाद्रपदांत व्हावी, वैशाखांत नव्हे. आणि जेथें सीतेचीं आसवें, गेंद किंवा दवबिंदू हीं तिन्ही अथवा यांपैकीं कोणतेंही दाट आढळेल, ती जागा यंत्राच्या यादींतून वगळावी. दवबिंदू म्हणजे पानावर चिकट थेंब असलेलें तें लालसर रोपटें. तेंही कीटकांवर जगतें आणि त्याच उपाशी जमिनीची साक्ष देतें. वगळलेल्या जागेंत गुरें चारण्यास आमची हरकत नाहीं. तीं पिढ्यान् पिढ्या तेथें चरत आलीं आहेत. चिरेखाणवाल्यास जागा देण्यापूर्वीं खालच्या वाडींतील झरा कोणाचा, हें मालकानें एकदां विचारावें. सडा सातबाऱ्यावर एकाचा असतो, परंतु पाणी पिणारीं घरें दुसऱ्यांचीं असतात. आणि बहुधा तीं आपल्याच भाऊबंदांचीं असतात.

सभा आश्विनांत आहे. तत्पूर्वीं, भाद्रपदांत गौरीविसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारीं, आम्ही आपल्या जवळच्या सड्यावर जाणार आहों. ठराव मांडणारे आमचे स्नेही येण्यास कबूल झाले आहेत, त्यांचा आम्हांस आनंद आहे. इतर सभासदांपैकीं ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं सकाळीं आठ वाजतां संघाच्या कचेरीशीं जमावें, बरोबर आपल्या सातबाऱ्याचा उतारा व गटाचा नकाशा आणावा, घरांत भिंग असल्यास तेंही आणावें. मुलांस आणण्यास हरकत नाहीं. सड्याच्या कडेस वहाणा काढून ठेवाव्या लागतील.